पाच सह्यांचे अनुदान

२०१८ साली आमच्याकडे पोळ्याच्या आधी जो पाऊस उघडला, तो पुन्हा फिरकला नाही. बाजरी पोटरीत असतानाच वाळली, कपाशीची पाते गळून झाडाला दोन-चार बोंडे राहिली आणि तुरीचा पाला दसऱ्यापर्यंत पिवळा पडत आला. आमचे गाव बीड जिल्ह्यात आहे. दिवाळीच्या सुमारास निम्मे गाव कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांवर जाते, हे बऱ्या पावसाच्या वर्षीही ठरलेलेच असते. त्या वर्षी मात्र मजूर जमवणाऱ्या मुकादमांकडे उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मागायला नेहमी शेतीवर भागणारी घरेही जाऊ लागली. मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवतो. गावाकडे आई आणि थोरले चुलते, म्हणजे आबा, आमची २ हेक्टर १० आर सामाईक जमीन पाहत. वडील गेल्यावर वारस नोंद होऊन सातबाऱ्यावर पाच नावे आली होती: आबा, चाकणला कंपनीत असलेले धाकटे चुलते नाना, आई, मी आणि माझी बहीण. या पाच नावांनी पुढे आम्हाला बरेच हिंडवले.

दुष्काळ ठरवण्याची पद्धत बदलली आहे, हे मला त्या ऑक्टोबरात नीट समजले. पूर्वी सारे आणेवारीवर, म्हणजे आताच्या भाषेत पैसेवारीवर, चालत असे. पीक किती आले याचा तो पैशांत मांडलेला अंदाज. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या खाली आली तर टंचाई, वर राहिली तर काही नाही. आणि ती किती लिहायची याबद्दल गावापासून जिल्ह्यापर्यंत ज्याचे त्याचे मत असे. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी स्वराज अभियान या संघटनेच्या याचिकेवर निकाल देताना राज्य सरकारांच्या डोळेझाकीवर कडक शब्दांत टीका केली आणि दुष्काळ व्यवस्थापनाची संहिता त्या वर्षअखेरपर्यंत नव्याने करण्यास केंद्राला सांगितले. नव्या संहितेत आधी पावसाची तूट आणि पावसातला खंड पाहतात. मग पेरणीचे क्षेत्र, उपग्रहातून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा, भूजल आणि धरणसाठे पाहतात. आणि या दोन्ही चाळण्यांतून तालुका खाली आला, तर त्यातील दहा टक्के गावे यदृच्छेने निवडून तेथे शिवारात जाऊन सत्यमापन करतात. नुकसान ३३ टक्क्यांच्या पुढे गेले तर दुष्काळ मध्यम, ५० टक्क्यांच्या पुढे गेले तर गंभीर. आमचे गाव त्या दहा टक्क्यांत आले, आणि कपाशीच्या ज्या पाच जागा निवडल्या गेल्या त्यांतली एक आमच्या बांधाला लागून होती.

तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघे सकाळी अकराच्या सुमारास आले. शाळेला सुट्टी असल्याने मीही तेथे होतो. कृषी सहायकाने झाडांची उंची पाहिली, एका ओळीतल्या दहा झाडांची बोंडे मोजली, मुठीत माती घेऊन सोडली. ती पिठासारखी उडाली. मग मोबाइलवर फोटो काढायचा होता, तो त्याच जागेच्या अक्षांश-रेखांशासह नोंदवला जायला हवा. पण आमच्या खोलगट शिवारात रेंज येत नाही. फोटो काढून कृषी सहायक टेकाडावर गेला, तेथून पाठवू लागला तर टेकाडाची जागा दिसू लागली, म्हणून पुन्हा खाली आला. असे तीनदा झाले. आबा बांधावर बसून पाहत होते. शेवटी म्हणाले, “भाऊसाहेब, पीक गेलंय हे डोळ्यानं दिसतंय, मग ते मोबाइलला दिसायलाच पाहिजे का?” तलाठी हसले आणि म्हणाले, “आबा, माझ्या डोळ्याला अनुदान नाही.”

तरीही ही पद्धत जुन्या आणेवारीपेक्षा बरी आहे, असे माझे मत आहे. कोणाच्या बैठकीत आकडा वर-खाली झाला, ही कुजबुज तिने बरीच कमी केली. दुखणे आहे ते एककाचे. तालुका हे एकक धरले की ज्या महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात, एक सर जास्त पडली, तिचा हिशेब शेजारच्या कोरड्या मंडळालाही लागतो.

२३ ऑक्टोबरला राज्यातील १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ असल्याचे सरकारने सांगितले. त्या शब्दावरून पारावर बरीच चर्चा झाली. आठ दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, ‘सदृश’ गळून ‘दुष्काळ’ उरला आणि तालुके १५१ झाले. त्यांतले ११२ गंभीर, ३९ मध्यम. आमचा तालुका यादीत होता. सोबत आठ सवलती होत्या: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जांचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, आवश्यक तेथे टँकर, आणि पंपांची वीजजोडणी न तोडणे. आमच्या विहिरीला पाणीच नव्हते, त्यामुळे विजेच्या दोन्ही सवलती भिंतीवरच्या मीटरपुरत्या राहिल्या; शेतसारा तर एरवीही चहाच्या दोन-चार कपांइतका असतो. परीक्षा शुल्काची माफी मात्र खरी उपयोगी पडली. आमच्या शाळेत ती यादी मीच केली आणि कारखान्यावर गेलेल्या आईबापांची मुले आजीजवळ राहून दहावीला बसली, त्यांच्या घरी ती रक्कम लहान नव्हती.

टँकरसाठी ग्रामपंचायतीने ठराव केला, पाणीपुरवठ्याची आणि महसूलची माणसे येऊन विहिरी-विंधन विहिरी पाहून गेली, आणि जानेवारीत माणशी रोज २० लिटर या हिशेबाने खेपा सुरू झाल्या. त्यात फारसे अडले नाही.

अडले ते रोजगार हमीत. आईचा या योजनेवर विश्वास आहे, आणि त्याला कारण आहे. १९७२ च्या दुष्काळात ती चौदा वर्षांची होती आणि आजीबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. कामावर मिळणारी सुकडी कशी लागायची आणि मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी कशी घशाखाली उतरत नसे, हे तिने आम्हाला लहानपणी कितीतरी वेळा सांगितले आहे. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती, असे मी नंतर वाचले. आमच्या गावचा पाझर तलाव त्यांच्याच हातचा आहे. त्याच अनुभवातून विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रयत्नांनी रोजगार हमीचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ चा देशाचा कायदाही त्याच वाटेने गेला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता, अशी त्यात लेखी हमी आहे.

ही हमी ‘काम मागितल्यापासून’ सुरू होते, आणि मागणी केव्हा केली याचा पुरावा म्हणजे नमुना चारच्या अर्जाची दिनांकित पोचपावती. आईसह गावातल्या सतरा जणांनी डिसेंबरात अर्ज दिले. अर्ज घेतले गेले, पोच मिळाली नाही. “साहेब सहीला आले की देतो,” असे उत्तर मिळाले. तीन आठवड्यांनी मी स्वतः गेलो, तेव्हा पोच मिळाली, पण त्या दिवसाच्या तारखेची. काम निघाले फेब्रुवारीत, शेततळ्याच्या खोदाईचे, २०३ रुपये रोजाने. पंधरा दिवसांची मुदत कागदावर पुरती पाळली गेली होती. आई एवढेच म्हणाली, “बाहत्तरला कुनी अर्ज इचारला नव्हता. सकाळी गेलं, नाव सांगितलं, खडीवर बसलं.” त्या वेळी मजुरी किती रखडायची आणि मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, कोणाची नावे घुसायची, हेही तिनेच पूर्वी सांगितले आहे, म्हणून जुन्या काळाचे गोडवे मी गाणार नाही, पण हक्क लेखी झाला आणि त्याची किल्ली पोचपावतीत गेली, हे खरे.

पिकाच्या नुकसानीचे अनुदान जानेवारी २०१९ च्या अखेरीस आले. केंद्राने महाराष्ट्राला ४,७१४ कोटी रुपये मंजूर केल्याची बातमी आली त्याच आठवड्यात आमच्या तलाठ्यांनी चावडीवर याद्या लावायला घेतल्या. आपत्ती प्रतिसाद निधीच्या तेव्हाच्या दराने कोरडवाहू पिकाला हेक्टरी ६,८०० रुपये, जास्तीत जास्त दोन हेक्टरपर्यंत, आणि ती रक्कम दोन हप्त्यांत.

यादीत आमचे क्षेत्र १ हेक्टर ५० आर होते. उरलेले ६० आर कुठे गेले म्हणून विचारले, तर सातबाऱ्याच्या पीकपेऱ्यात त्यापुढे ‘पड’ असे लिहिलेले होते. तेथे आम्ही उडीद पेरणार होतो. पाऊसच न झाल्याने पेरता आले नाही. म्हणजे जेथे पेरून वाळले तेथे नुकसान धरले, आणि जेथे दुष्काळाने पेरूच दिले नाही तेथे काही गेलेच नाही असे झाले. तलाठ्यांना हे पटत होते. “पण सर, जे पेरलं नाही त्याचं नुकसान मी कोणत्या रकान्यात लिहू?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मला उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही. तेव्हा हिशेब झाला १०,२०० रुपयांचा, पहिला हप्ता ५,१००.

खाते सामाईक असल्याने पैसे एकाच नावावर जाणार होते आणि बाकीच्या चौघांचे संमतीपत्र हवे होते. ते साध्या कागदावर चालेल असे एकाने सांगितले, शंभराच्या मुद्रांकावरच हवे असे दुसऱ्याने. वाद नको म्हणून आम्ही मुद्रांक घेतला. आबा वडीलधारे, त्यांच्या नावावर पैसे यावेत, यात कोणाचे दुमत नव्हते. बहिणीची सही घ्यायला मी रविवारी तिच्या सासरी, जामखेडच्या पुढे, जाऊन आलो. तिच्या सासऱ्यांना वाटले, मी हक्कसोड लिहून घ्यायला आलो आहे. त्यांनी चष्मा लावून तो मजकूर दोनदा वाचला, मग सुनेला सही करू दिली आणि जेवल्याशिवाय मला सोडले नाही. नानांना चाकणहून यावे लागले. सही स्कॅन करून पाठवलेली चालणार नव्हती. एका दिवसाचा खाडा, येण्याजाण्याचे भाडे, मुद्रांक, नोटरी, झेरॉक्स असा खर्च नानांनी परतीच्या एसटीत बसून मोबाइलवर मांडला आणि मला फोन केला: “आरं, माझ्या वाटणीचं निम्मं तर इथंच गेलं.” बोलताना ते हसत होते. तीन भावांच्या तीन वाटण्या धरता पहिल्या हप्त्यातून त्यांच्या वाटणीला १,७०० रुपये येणार होते.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आबांच्या खात्यावर ५,१०० रुपये जमा झाल्याचा संदेश आला. दुसऱ्या दिवशी ते पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शाखेत गेले आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परत आले. खात्यावर रक्कम दिसत होती, काढता येत नव्हती. आबांचे पीककर्ज थकलेले होते आणि खात्याला ‘होल्ड’ लागला होता.

या अनुदानातून बँकांनी कसलीही वसुली करू नये, अशी सूचना शासन निर्णयातच असते. शिवाय दुष्काळी तालुक्यांत शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती ही तर जाहीर झालेल्या आठ सवलतींपैकी एक होती. मी शासन निर्णय छापून घेतला, त्या कलमाखाली लाल रेघ ओढली आणि आबांना घेऊन शाखेत गेलो. शाखाधिकारी तरुण होते, नम्र होते. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, “सर, हे बरोबर आहे. पण हे आमच्याकडे आमच्या वरून आलेलं नाही. आणि होल्ड मी लावलेला नाही, खातं थकीत गेलं की तो आपोआप लागतो.” मी विचारले, काढता कोणाला येतो? तर त्याला प्रादेशिक कार्यालयाचे पत्र लागते. ते पत्र कशावर निघते? तर तहसीलच्या पत्रावर. तहसीलमध्ये गेलो, तर संबंधित टेबलावर सांगितले गेले, “आम्ही पैसे बँकेला पाठवले, तिथे आमचं काम संपलं. बँकेचं बँकेनं बघायचं.”

त्या दोन टेबलांमध्ये मी चार खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला, तहसीलच्या व्हरांड्यात बसलो असताना, इतिहास शिकवताना दरवर्षी सांगतो ती गोष्ट आठवली. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजांनी दुष्काळ संहिता केल्या, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसे गावोगाव जाऊन त्या संहितेत काय लिहिले आहे हे शेतकऱ्यांना सांगत होती. पीक बुडाल्यावर साऱ्यात सूट-तहकुबी मागता येते, हे टिळक ‘केसरी’तून सांगत होते. सरकारला त्याचा राग आला होता. सरकारचाच नियम सरकारी माणसाला वाचून दाखवण्याचा हा उद्योग मुलांना सांगताना मी फार जुना म्हणून सांगत असे. आता माझ्याच मांडीवर लाल रेघ मारलेला कागद होता. फरक इतकाच की माझ्यावर कोणी रागावत नव्हते. प्रत्येक जण मान डोलवत होता.

चौथ्या खेपेला नायब तहसीलदार भेटले. त्यांनी पाच मिनिटे ऐकून घेतले आणि लिपिकाला बोलावून, तालुक्यातील सर्व बँक शाखांना उद्देशून एक पत्र तयार करायला सांगितले. ते अर्ध्या पानाचे होते. त्याच्या प्रती निघाल्या, मी एक हातोहात नेली, आणि आठवडाभराने आबांना पैसे मिळाले. जमा झाल्यापासून मोजले तर सव्वीस दिवस लागले. त्या पत्रानंतर आमच्या गावातल्या आणखी अकरा जणांचे होल्ड निघाले. त्यांतले चौघे तेव्हा कर्नाटकातल्या कारखान्यावर होते आणि आपले पैसे आले आहेत हेही त्यांना माहीत नव्हते.

मला त्या शाखाधिकाऱ्याचा किंवा लिपिकाचा दोष काढायचा नाही. दोघांनाही आपापले काम कोठे संपते हे पक्के माहीत होते. पाऊस मोजण्यापासून तालुक्याचे नाव यादीत येईपर्यंत प्रत्येक पायरीवर कोणी काय करायचे आणि केव्हापर्यंत, हे संहितेने लिहून ठेवले आहे. तालुक्याच्या खाली उतरले की तशी तारीखही नसते आणि माणूसही नसतो. तेथे पोचपावती मागणे, संमती गोळा करणे, नियमाची प्रत एका टेबलावरून दुसऱ्यावर नेणे ही कामे ज्याचे पीक गेले त्याच्याकडे येतात. माझ्यासारखा पगारदार, वाचता येणारा मुलगा घरात नसेल तर ती होत नाहीत. अर्धे पान लिहायला सरकारला एक छदामही लागला नाही. ते ३१ ऑक्टोबरला निघाले असते तरी चालले असते.

मार्चपासून आईचा मुक्काम जनावरांच्या चारा छावणीत होता. दोन बैल आणि एक गाय होती. शेजारच्या गावच्या माळावर एका संस्थेने छावणी उघडली होती. जनावरांच्या कानाला पिवळे बिल्ले मारले गेले आणि रोज सकाळी मोबाइलने ते बिल्ले वाचून हजेरी होई. मोठ्या जनावरामागे छावणीचालकाला मिळणारे अनुदान मे महिन्यात रोजचे १०० रुपये झाले, लहानामागे ५०, पण चारा उसाच्या वाढ्यांचाच, म्हणजे शेंड्यांचाच, राहिला. आमचा एक बैल बुजरा होता, मोबाइल समोर आला की कान झटकायचा, आणि हजेरी लागेपर्यंत आई त्याची मान धरून उभी राही. जनावरांजवळ माणूस राहिलाच पाहिजे, म्हणून ती तेथेच बाज टाकून झोपे. शेततळ्याच्या कामावरचे तिचे दिवस त्यामुळे सुटले, ते मस्टरवर गैरहजेरीत गेले.

दुसरा हप्ता जूनच्या अखेरीस आला, पेरण्या झाल्यावर. या वेळी होल्ड लागला नाही. आबांनी वाटणीचे १,७०० रुपये आईच्या हातात दिले तेव्हा ती म्हणाली, बियाणे तर उधारीने आणले, आता हे उधारीला जाऊ दे.

२०२३ मध्ये पुन्हा पाऊस रुसला. ३१ ऑक्टोबरला ४० तालुके जाहीर झाले. बीड जिल्ह्यातले वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई त्यांत होते, आमचा नव्हता. पुढे नोव्हेंबरात राज्यातील १,०२१ महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर होऊन सवलती लागू झाल्या, तेव्हा तो ‘सदृश’ शब्द पुन्हा पारावर आला. मी कपाटातून जुनी फाइल काढली. संमतीपत्राची झेरॉक्स होती, लाल रेघेचा शासन निर्णय होता, नायब तहसीलदारांच्या पत्राची प्रत होती. संमतीपत्र मात्र आता उपयोगाचे नाही. मधल्या काळात आबा गेले. त्यांच्या जागी काकू, दोन मुले आणि एक मुलगी अशी चार नावे लागली आहेत. जमीन तेवढीच आहे, सातबाऱ्यावर नावे आठ झाली आहेत, आणि त्यांतला एक जण दुबईत असतो.